वळचण

एगिल्सस्तादिरला फेब्रुवारीत उजाडतं साडेनवाला.
तोवर स्टेनवोरचे कॉफीचे तीन मग संपलेले असतात,
आणि माझ्याशी बोललेले शब्द पाच.

खोक्यातून चार फ्लेअर निघाले,
काळे, खरखरीत, नव्या चपलेच्या वासाचे.
खोक्यावर छापलेलं : कधीच तुटणार नाहीत.
ती म्हणाली, "कधीच म्हणजे किती वाजेपर्यंत?"

बेचाळीस इंची टायर गाडीच्या अंगाबाहेर
वीतभर डोकावतो.
त्यावर आडोसा हवा, नाहीतर मागच्याच्या काचेवर
खडी, बर्फाचा लगदा, आणि मग त्याच्या शिव्या.
फ्लेअर म्हणजे चाकाची वळचण, काम एवढंच.
पण हिमनदीवर वारा सुटलेला असताना
टपावरचं फावडं काढायला माणूस पाय देतो
तो हिच्यावरच, न विचारता,
जसा घरातल्या न बोलणाऱ्या माणसावर टाकतात
सगळ्यांचा भार.

म्हणून आधी ती स्वतः चढली. शहाऐंशी किलो, बुटांसह.
दोनदा उडी मारली.
मग बेकरीतून स्नायब्योर्नला बोलावलं,
तो एकशे वीसचा, पिठासकट जास्तच.
तो वर उभा राहिला, पाव खात,
आणि खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याबद्दल
काहीतरी बोलत राहिला.
मी पट्टी लावली. फ्लेअर दोन मिलिमीटर खाली गेला.
स्नायब्योर्न उतरला, तेव्हा दोन मिलिमीटर वर आला.

दुसरा आम्ही पाठवला सेदिसफ्योर्दुरच्या माशांच्या गोदामात.
रात्रभर उणे पंचवीस, कॉडच्या पेट्यांच्या मध्ये.
सकाळी घाट बंद होता, म्हणून दुपारी आला.
हातोड्याचा पहिला घाव : ठप्प.
दुसरा : ठप्प.
तिसऱ्याला हातोड्याचा दांडा निखळला
आणि स्टेनवोर पहिल्यांदा हसली,
पण ते हसणं मला आवडलं नाही.

मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी माणसं पाहिली आहेत मी,
एक तर बापच होता.
हा त्यांच्याही पुढचा.

शेवटची चाचणी शेडमागच्या काळ्या लाव्हाच्या खडकाशी.
बचाव पथकाची जुनी गाडी,
तिसरा फ्लेअर तिला दहा बोल्टांनी आवळलेला.
स्टेनवोर पहिल्या गिअरमध्ये, सावकाश,
जणू कुणाच्या खांद्याला खांदा लावावा
तशी खडकाला जाऊन टेकली. आणि थांबली नाही.

आवाज आला कापड फाटल्यासारखा.

फ्लेअरवर एक ओरखडा, नखाने काढल्याएवढा.
त्याच्यामागचा पत्रा मात्र दहाही भोकांपासून उसवला,
चर दाराच्या बिजागरीपर्यंत गेला,
काचेच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ उठली.
वळचणीचं पाणी आढ्याला जातं म्हणतात,
ते मी उन्हात, कोरड्या दिवशी पाहिलं.

ती उतरली. काही बोलली नाही.
भिंतीवरचा जुना फ्लेअर काढून माझ्या हातात दिला,
तिच्या वडिलांनी काचतंतूचा घरी ओतलेला, बिनवजनाचा.
मी त्यावरची ठिगळं मोजली. अकरा.
बारावं बहुधा रंगाखाली.
तो असलेली गाडी अजून बाहेर उभी होती,
तिच्या पत्र्याला हात लावून पाहिला.
सरळ.

अहवालात मी लिहिलं :
वाकणं, दोन मिलिमीटर. मोडणं, शून्य.
शेऱ्याच्या रकान्यात तिने पेन्सिलने लिहिलं, "नको."
पथकाच्या लोकांना ते पटायला दोन बैठका लागल्या.
पत्रा ठोकायला मला अकरा दिवस.

तीन फ्लेअर परत गेले. कॉडमधला कंपनीने घेतला नाही.
मे महिन्यात तो स्टेनवोरच्या बहिणीच्या, ओद्नीच्या गोठ्यात
उलटा टांगलेला दिसला,
व्यायलेल्या मेंढ्यांची गव्हाण म्हणून.
एक करडी मेंढी पुढचे दोन्ही पाय आत घालून
चाऱ्यावर उभी होती.
"टिकतोय ना?" मी विचारलं.

"टिकतोय की," ओद्नी म्हणाली,
"पण माशाचा वास जात नाही.
कोकरं नाकं मुरडतात."